डोंगरी गोरिलाचे दर्शन आणि वाटाड्याचे मौन : विरुंगा-ब्विंडीविषयक लेखनाची चिकित्सा

प्रस्तावना

मध्य आफ्रिकेतील रवांडा, युगांडा आणि काँगो लोकशाही प्रजासत्ताक या तीन देशांच्या सीमा विरुंगा या ज्वालामुखी पर्वतरांगेत एकत्र येतात. ही रांग आणि तिच्या उत्तरेस असलेले युगांडातील ब्विंडीचे अरण्य एवढ्याच प्रदेशात आज डोंगरी गोरिलांची नैसर्गिक वस्ती उरली आहे. विरुंगा परिसरातील २०१५-१६ च्या गणनेत ६०४ आणि ब्विंडी व त्याला लागून असलेल्या काँगोतील सारांब्वे परिसरातील २०१८ च्या गणनेत ४५९ गोरिला नोंदले गेले. म्हणजे या उपजातीची ज्ञात संख्या १०६३ आहे. एखाद्या मध्यम महाविद्यालयाच्या विद्यार्थिसंख्येपेक्षाही ती कमी भरेल. तरीही या अल्पसंख्य प्राण्याभोवती गेल्या शंभर वर्षांत आत्मकथने, शास्त्रीय प्रबंध, चित्रपट व माहितीपट यांची मोठी परंपरा उभी राहिली आहे.

या परंपरेतील बहुतेक कृतींचा आकृतिबंध एकच आहे. लेखक दूरदेशीहून येतो, चिखल, खाजकुइली आणि धुके तुडवत डोंगर चढतो, दमतो, निराश होतो आणि अखेरीस झाडोरा बाजूला सरून गोरिलाचे कुटुंब त्याच्यासमोर प्रकटते. नजरेला नजर भिडते. या क्षणी लेखनाचा उत्कर्षबिंदू येतो आणि पुढचे सारे त्याच्या उजेडात सांगितले जाते. मराठीत ज्याला ‘दर्शन’ म्हणतात त्याच्याशी या क्षणाचे नाते उघड आहे. येथेही पाहणाऱ्याच्या कर्तृत्वापेक्षा ज्याचे दर्शन घडते त्याची कृपा अधिक मानली जाते. परंतु वारीच्या परंपरेत चालणाऱ्या वाटेला आणि सोबत चालणाऱ्यांना जे मोल आहे, ते या लेखनात वाटेला व वाटाड्याला क्वचितच मिळालेले दिसते.

प्रस्तुत निबंधात कार्ल एकली, जॉर्ज शॅलर, डायन फॉसी, बिल वेबर व एमी वेडर आणि ग्लॅडिस कालेमा-झिकुसोका यांच्या लेखनाचा या एका प्रश्नाच्या अनुषंगाने विचार केला आहे : गोरिला दाखवणारा माणूस या लेखनात कोठे आहे? हा प्रश्न केवळ कृतज्ञतेचा नाही. गोरिला कोणामुळे टिकला याविषयी जी कथा रूढ होते, तिच्यावर निधी, जमीन आणि अरण्यावरील हक्क यांची वाटणी अवलंबून राहते. म्हणून या कथनांतील मौनाची चिकित्सा आवश्यक ठरते.

बंदूक, देखावा आणि अपराधभाव

युरोपीय विज्ञानाच्या दप्तरी डोंगरी गोरिलाची नोंद झाली तीच बंदुकीच्या आवाजाने. जर्मन अधिकारी रॉबर्ट फॉन बेरिंगे यांनी १९०२ साली साबिन्यो पर्वतावर दोन गोरिला मारले आणि पुढच्या वर्षी पॉल माट्शी यांनी केलेल्या वर्णनातून या प्राण्याला त्यांचे नाव चिकटले. मारणाऱ्याच्या नावाने ओळखला जाणारा हा प्राणी एकलींच्या हाती आला तेव्हा ‘हिंस्र राक्षस’ अशी त्याची प्रतिमा पॉल दु शाय्यू यांच्या १८६१ च्या प्रवासवर्णनापासून पाश्चात्त्य वाचकांच्या मनात पक्की झालेली होती. वस्तुतः दु शाय्यू यांनी पाहिलेला गोरिला पश्चिम आफ्रिकेतील सखल अरण्यातला होता. प्रतिमांना मात्र भूगोलाचे बंधन नसते.

एकली न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयासाठी प्राण्यांची कातडी भरून देखावे रचणारे कलावंत होते. १९२१ च्या मोहिमेत त्यांच्या पथकाने पाच गोरिला मारले. ‘इन ब्रायटेस्ट आफ्रिका’ (१९२३) या ग्रंथातील गोरिलाविषयक प्रकरणांचे वाङ्मयीन वैशिष्ट्य असे की, शिकारकथेच्या साच्यातच शिकारकथेचा पाया ढासळताना दिसतो. मरणाऱ्या प्राण्याजवळ उभे असताना आपण खुनी आहोत ही भावना विज्ञाननिष्ठेच्या बळावर दूर ठेवावी लागली, अशा आशयाची कबुली ते देतात. गोरिला आक्रमक नाही हे दाखवण्यासाठी या मोहिमेत त्यांनी मेरी ब्रॅडली यांच्या कुटुंबालाही सोबत घेतले होते. ब्रॅडली यांची मुलगी त्या वेळी अवघी सहा वर्षांची होती. जिथे एक बालिका जाऊ शकते तिथे पुरुषी पराक्रमाची बढाई टिकत नाही, हा त्यामागील युक्तिवाद होता. एकलींच्या आग्रहामुळेच बेल्जियमच्या राजाने १९२५ साली आल्बर्ट राष्ट्रीय उद्यान स्थापन केले. आजचे विरुंगा उद्यान हा त्याचाच वारसा आहे. १९२६ साली पुन्हा त्या पर्वतावर गेले असता एकलींचे निधन झाले आणि कबारा येथे त्यांचे दफन करण्यात आले.

डॉना हारावे यांनी १९८० च्या दशकात एकलींच्या देखाव्यांवर लिहिलेला निबंध या विषयावरील समीक्षेतील मैलाचा दगड आहे. तो पुढे ‘प्रायमेट व्हिजन्स’ (१९८९) या ग्रंथात समाविष्ट झाला. काचेमागील परिपूर्ण, निर्मनुष्य निसर्ग हा प्रत्यक्षात सत्ता, वंश आणि पुरुषत्व यांच्या संबंधांतून घडवलेला आहे, असे त्यांचे विवेचन आहे. या विवेचनाला एकलींच्या ग्रंथातूनच पुष्टी मिळते. त्यात ‘बिल’ असे शीर्षक असलेले एक संपूर्ण प्रकरण एका किकुयू सहायकावर आहे. त्याच्या धैर्याविषयी, निष्ठेविषयी लेखकाला खरा जिव्हाळा आहे. तरीही प्रकरणाच्या मथळ्यावर त्या माणसाचे नाव नाही, मालकाने ठेवलेले नाव आहे. नाव ठेवण्याचा हक्क कोणाचा, हा प्रश्न येथेच उपस्थित होतो आणि पुढे गोरिलांच्या बाबतीत तो नव्या रूपात परत येतो.

निःशस्त्र नजर

जॉर्ज शॅलर यांनी १९५९-६० मध्ये कबारा येथे केलेला अभ्यास हा गोरिलाविषयक ज्ञानाचा खरा आरंभ होय. १९६३ चा त्यांचा शास्त्रीय प्रबंध आणि १९६४ चे ‘द इयर ऑफ द गोरिला’ हे सर्वसामान्यांसाठीचे पुस्तक ही एकाच अनुभवाची दोन रूपे आहेत. शॅलर यांची पद्धत साधी पण क्रांतिकारक होती. लपून न राहता, शस्त्र न बाळगता गोरिलांना आपण दिसू अशा जागी शांत बसायचे. पाहणाऱ्याने स्वतः पाहिले जाण्याची तयारी ठेवली आणि छाती बडवणारा राक्षस पानपाला खाणारा, दुपारी विश्रांती घेणारा, पिलांशी सौम्यपणे वागणारा कुटुंबवत्सल प्राणी ठरला.

शॅलर यांच्या गद्यात एक संयम आहे. ते गोरिलावर मानवी भावनांचे आरोपण करण्याचे कटाक्षाने टाळतात आणि म्हणूनच त्यांची सहृदयता विश्वसनीय वाटते. मात्र त्यांच्या अरण्याची शांतता बऱ्याच अंशी एकांताची शांतता आहे. त्यांच्या वास्तव्यातच, जून १९६० मध्ये, बेल्जियन काँगो स्वतंत्र झाला. ही उलथापालथ पुस्तकात येते, पण अरण्याच्या बाहेरून आलेला व्यत्यय म्हणून. अरण्य हाच वसाहतीच्या सत्तेने आखलेला प्रदेश होता, हे भान त्या काळच्या निसर्गलेखनात फारसे नव्हते. शॅलर त्याला अपवाद नाहीत.

फॉसी : नाव, ओळख आणि शत्रू

या परंपरेतील सर्वाधिक प्रभावी ग्रंथ म्हणजे डायन फॉसी यांचा ‘गोरिलाज इन द मिस्ट’ (१९८३). फॉसी यांनी जानेवारी १९६७ मध्ये कबारा येथे काम सुरू केले. काँगोतील अशांततेमुळे त्यांना तेथून निघावे लागले आणि २४ सप्टेंबर १९६७ रोजी त्यांनी रवांडाच्या बाजूला कारिसिम्बी व बिसोके या पर्वतांमध्ये कारिसोके हे केंद्र स्थापन केले. ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणाच्या शीर्षकात एकली आणि शॅलर यांची नावे आहेत. आपण कोणत्या परंपरेत उभ्या आहोत याची लेखिकेला स्पष्ट जाणीव होती.

या ग्रंथाचे सामर्थ्य त्याच्या चरित्रात्मकतेत आहे. फॉसी गोरिलांच्या नाकावरील सुरकुत्यांवरून त्यांना ओळखतात, नावे देतात आणि पिढ्यान्‌पिढ्यांची कुळकथा सांगतात. डिजिट, अंकल बर्ट, माचो, क्वेली ही नावे वाचकाच्या स्मरणात कादंबरीतील पात्रांप्रमाणे राहतात. ३१ डिसेंबर १९७७ रोजी डिजिट मारला गेला, तो प्रसंग वाचताना एका प्रजातीची हानी झाल्याचे दुःख होत नाही, ओळखीचे कोणी गेल्याचे होते. संख्येचे रूपांतर व्यक्तीत करणे हा फॉसी यांचा वाङ्मयीन पराक्रम आहे आणि जागतिक सहानुभूती निर्माण करण्यात त्याचा वाटा निर्विवाद आहे.

परंतु व्यक्तित्वाच्या या उदार वाटपात माणसांच्या वाट्याला काय आले? ग्रंथात दोन प्रकारची आफ्रिकी माणसे ठळकपणे दिसतात. पहिला प्रकार माग काढणाऱ्यांचा. कबारा येथे फॉसी यांना माग काढण्याची विद्या शिकवणाऱ्या सान्वेक्वे यांचा उल्लेख आदराने येतो. कारिसोके येथील नेमेये आणि र्वेलेकाना यांच्या कौशल्याचीही लेखिकेला कदर आहे. दुसरा प्रकार चोरट्या शिकाऱ्यांचा, गुराख्यांचा, फासे लावणाऱ्यांचा. यांतील अनेक जण बात्वा या अरण्यवासी समाजाचे आहेत आणि ग्रंथात ते जवळजवळ केवळ शत्रू म्हणून वावरतात. हरणासाठी लावलेला फास गोरिलाच्या पिलाचा हात कापून टाकतो हे दाहक सत्य लेखिका पुनःपुन्हा दाखवते. तो फास लावणाऱ्याची भूक आणि त्याच्या समाजाचा त्या अरण्याशी असलेला जुना संबंध यांचा विचार मात्र तिच्या संतापाच्या उंबऱ्याबाहेर राहतो. गोरिलाला कुळकथा मिळते, पण बात्वाला मिळत नाही.

येथे न्यायबुद्धीने एक गोष्ट नोंदवली पाहिजे. फॉसी यांच्यासमोरील धोका काल्पनिक नव्हता. १९६० च्या दशकाच्या अखेरीस रवांडातील ज्वालामुखी उद्यानाची सुमारे १०,००० हेक्टर जमीन पायरेथ्रम या कीटकनाशक देणाऱ्या फुलपिकासाठी तोडली गेली होती. १९८१ च्या गणनेत विरुंगात सुमारे २५० गोरिलाच उरले होते. फासे तोडणे, पहारे घालणे या त्यांच्या आग्रही संरक्षणाविना पुढच्या कोणत्याही उपक्रमाला गोरिला शिल्लक राहिले असते की नाही, हा प्रश्न आहे. त्यामुळे त्यांच्या कठोरतेचा केवळ वसाहतवादी वृत्ती म्हणून निकाल लावणे हे समीक्षेचे आळशी रूप ठरेल. एक गोष्ट मात्र ध्यानात घ्यायला हवी. जमीन तोडण्याचा निर्णय फास लावणाऱ्या बात्वाचा नव्हता. त्यामागे परदेशी मदतीवर उभी राहिलेली शेतीयोजना होती. ग्रंथाच्या नाट्यात तिला चेहरा नाही. फासवाल्याला तो आहे, आणि म्हणून वाचकाचा राग त्याच्यावर केंद्रित होतो.

या ग्रंथातील सर्वात मोठा उपरोध डिजिटच्या छायाचित्राचा आहे. तो जिवंत असताना रवांडाच्या पर्यटन खात्याने त्याचे चित्र भित्तिपत्रकावर छापून परदेशी पाहुण्यांना भेटीचे निमंत्रण दिले होते. फॉसी पर्यटनाच्या विरोधक होत्या. मात्र गोरिलाला ओळखीच्या चेहऱ्याचे रूप देणारी त्यांचीच दृष्टी त्या निमंत्रणाचे भांडवल बनली.

डिसेंबर १९८५ मध्ये कारिसोके येथे फॉसी यांची हत्या झाली. १९८८ साली मायकेल अॅप्टेड यांनी दिग्दर्शित केलेल्या चित्रपटाने त्यांची कथा जगभर नेली. चित्रपटात सेंबागारे नावाचा वाटाड्या आहे. जॉन ओमिरा मिलुवी यांनी ही भूमिका कमालीच्या संयमाने केली आहे. अखेरच्या दृश्यात तो फॉसी आणि डिजिट यांच्या थडग्यांना दगडांच्या रेषेने जोडतो. दृश्य हृद्य आहे. परंतु वाटाड्याची शेवटची कृतीही नायिकेची कथा पूर्ण करण्यासाठीच योजलेली आहे. त्याच्या स्वतःच्या घरी, शेतात, गावात काय घडले हे प्रेक्षकाला कळत नाही. प्रत्यक्षात तर वाटाड्याची कथा अधिक करुण होती. फॉसी यांच्या हत्येच्या प्रकरणात र्वेलेकाना यांना अटक झाली आणि १९८६ मध्ये कोठडीतच त्यांचा मृत्यू झाला. पडद्यावरील थडगी जोडणाऱ्या रेषेत त्यांना स्थान नाही.

एका तासाचे दर्शन

वेबर आणि वेडर यांचे ‘इन द किंगडम ऑफ गोरिलाज’ (२००१) हे पुस्तक फॉसीकथेचे उत्तर म्हणून वाचावे लागते. १९७८ मध्ये रवांडात आलेल्या या दांपत्याने गोरिलांच्या आहाराचा व संख्येचा अभ्यास केला. त्याबरोबरच भोवतालच्या शेतकऱ्यांना या अरण्याविषयी काय वाटते याचीही पाहणी केली. उद्यानाचा आणखी एक तुकडा गुरांच्या प्रकल्पासाठी काढून घेण्याचा बेत त्या वेळी पुढे आला होता. अरण्याने देशाला उत्पन्न दिले तरच ते टिकेल, या तर्काने १९७९ मध्ये डोंगरी गोरिला प्रकल्पातून नियंत्रित पर्यटनाचा प्रयोग सुरू झाला. आजची गोरिलादर्शनाची पदयात्रा ही त्या तर्काची परिणती आहे.

या पुस्तकाचा सूर फॉसींच्या ग्रंथापेक्षा गद्य आहे. त्यात बैठका, अंदाजपत्रके, अधिकाऱ्यांशी वाटाघाटी आणि १९९४ च्या नरसंहाराने उद्ध्वस्त झालेला देश आहे. पर्वतावरची एकाकी नायिका जाऊन तेथे संस्था येते. साहित्यगुणांत उणे असले तरी सामाजिक भानात ते पुढचे पाऊल आहे. रवांडातील माणसे येथे मते असलेली, हिशेब करणारी, होकार-नकार देणारी माणसे म्हणून भेटतात.

तथापि पर्यटनाने दर्शनाला किंमत दिली आणि त्याबरोबर दर्शनाची व्याख्याही बदलली. रवांडात मे २०१७ पासून एका परवान्याचे शुल्क १५०० डॉलर झाले. एका वेळी जास्तीत जास्त आठ जण, एकच तास, पंधरा वर्षांखालील मुलांना मनाई आणि ठरावीक अंतर असे नियम असतात. हे अंतर पूर्वी सात मीटर होते. कोविड साथीनंतर ते दहा मीटर करण्यात आले आणि मुखपट्टीही आली. नियम गोरिलाच्या हिताचे आहेत, कारण माणसाचा श्वास हाच त्याला आता बंदुकीइतका घातक ठरू शकतो. २००९ साली रवांडातील हिर्वा कुटुंबातील बारापैकी अकरा गोरिला श्वसनरोगाने आजारी पडले व दोन दगावले. त्यांच्या ठिकाणी माणसात आढळणारा मेटान्यूमोव्हायरस सापडला. जवळीक हेच ज्या कथनाचे फलित, त्या जवळिकीतच धोका आहे. प्रवासलेखनात मात्र गोरिला किती जवळ आला, याचीच फुशारकी अद्याप मारली जाते. नियमाचे अंतर मोडणे हा जणू कृपाप्रसाद मानला जातो. समीक्षेने हा अलंकार निरुपद्रवी मानता कामा नये.

माग : वाचनाची एक विद्या

या तासाआधी काय घडते? पाहुणे उठण्यापूर्वीच माग काढणारे अरण्यात शिरलेले असतात. आदल्या दिवशी कुटुंब जेथे सोडले तेथून ते शोध सुरू करतात. मोडलेले सेलेरीचे देठ, चिखलात उमटलेले बोटांच्या पेरांचे ठसे, झाडोरा कोणत्या दिशेला कलला आहे, विष्ठा किती ताजी आहे, हे सारे त्यांना वाचावे लागते. रात्रीची घरटी सापडली की ती मोजून कुटुंब पूर्ण आहे की नाही हे ठरते. मग बिनतारी संदेश जातो आणि पाहुण्यांचा वाटाड्या त्या दिशेने निघतो. पाहुण्याला जो योगायोग वाटतो, ती दुसऱ्याने आधीच वाचून ठेवलेली संहिता असते.

या दृष्टीने पाहता गोरिलाचा पहिला वाचक वैज्ञानिक नव्हे, माग काढणारा आहे. हे केवळ रूपक नाही. मार्था रॉबिन्स व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विरुंगातील १९६७ ते २००८ या काळातील संख्येचा आढावा घेतला आहे. त्यानुसार माणसाला सरावलेल्या, म्हणजे ज्यांच्यावर रोज देखरेख होते व ज्यांना पशुवैद्यकीय उपचार मिळतात अशा गोरिलांची संख्या वर्षाला सरासरी ४.१ टक्क्यांनी वाढली. न सरावलेल्यांची वर्षाला ०.७ टक्क्याने घटली. पहारेकऱ्यांचे रोजचे येणे-जाणे, फासे काढणे आणि आजार लवकर हेरणे यांवर ही तफावत मुख्यतः उभी आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये जागतिक निसर्गसंवर्धन संघाने या उपजातीला ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गातून ‘संकटग्रस्त’ वर्गात आणले, त्यामागे ही अनाम पायपीट आहे. तिची किंमतही मोठी आहे. विरुंगा उद्यानाच्या इतिहासात २०० हून अधिक वनरक्षकांनी प्राण गमावले आहेत. एप्रिल २०२० मधील एकाच हल्ल्यात १२ वनरक्षक मारले गेले.

पाहुण्याचा एक तास ग्रंथांचा विषय होतो आणि वाटाड्याची तीस वर्षे ऋणनिर्देशाच्या एका ओळीत मावतात. लेखनाचे हे प्रमाण अरण्यातील श्रमाच्या प्रमाणाच्या नेमके उलट आहे.

बात्वा : दर्शनाबाहेरचे रहिवासी

वाटाड्याचे मौन निदान वेतनाने भरून निघते. बात्वांच्या मौनाला तेवढाही आधार नाही. १९९१ मध्ये ब्विंडी व म्गाहिंगा ही अरण्ये राष्ट्रीय उद्याने जाहीर झाली आणि तेथून बात्वांना बाहेर काढण्यात आले. शिकार, मध आणि कंदमुळे यांवर जगणाऱ्या या समाजाकडे जमिनीचे कागद नव्हते. त्यामुळे शेती करणाऱ्यांना जी भरपाई मिळू शकली ती बहुतेक बात्वांना मिळाली नाही. १९९३ मध्ये ब्विंडीत गोरिला पर्यटन सुरू झाले. ऑगस्ट २०२१ मध्ये युगांडाच्या घटनात्मक न्यायालयाने त्यांच्या याचिकेवर त्यांच्या बाजूने निर्णय दिला. निष्कासनानंतर तीस वर्षांनी मिळालेला हा शब्द होता.

दरम्यान म्गाहिंगा येथे बात्वांच्या जुन्या जीवनाची ओळख करून देणारी पदयात्रा पर्यटकांसाठी आखली गेली. तीत बात्वा वाटाडे अग्नी पेटवून, औषधी वनस्पती दाखवून पूर्वीचे जिणे उभे करतात. जे अरण्य त्यांचे घर होते तेथे ते आता प्रयोग सादर करण्यासाठी प्रवेश करतात. एकलींच्या काचेमागील देखाव्याची आठवण येथे अटळ आहे. फरक इतकाच की या देखाव्यातील माणसे जिवंत आहेत आणि त्यांना त्याचे काही पैसे मिळतात. तो पैसा नाकारण्याचा सल्ला देण्याचा अधिकार समीक्षकाला नाही. परंतु बात्वांच्या दृष्टीतून लिहिलेले, गोरिलाशेजारच्या सहवासाचे व्यापक प्रमाणावर वाचले जाणारे आत्मकथन या ग्रंथपरंपरेत नाही, याची नोंद घेणे त्याचे कर्तव्य आहे.

अरण्याच्या कडेवरून

ग्लॅडिस कालेमा-झिकुसोका यांचे ‘वॉकिंग विथ गोरिलाज’ (२०२३) हे आत्मकथन या पार्श्वभूमीवर वेगळे उठून दिसते. युगांडात वाढलेल्या या पशुवैद्य १९९६ साली शासनाच्या वन्यजीव सेवेत रुजू झाल्या. त्याच सुमारास ब्विंडीतील एका गोरिला कुटुंबाला खरजेची लागण झाली आणि एक पिलू दगावले. हा रोग शेतातील बुजगावण्यांवर घातलेल्या माणसांच्या जुन्या कपड्यांतून आला असावा, या निष्कर्षाने त्यांच्या कामाची दिशा ठरली. गावात आरोग्यसेवा पोहोचत नाही तोवर अरण्यातील गोरिला सुरक्षित नाही, हे त्यांनी ओळखले आणि २००३ मध्ये माणूस व वन्यप्राणी यांच्या आरोग्याची सांगड घालणारी संस्था स्थापन केली.

वाङ्मयीन दृष्ट्या हा बुजगावण्याचा तपशील लक्षणीय आहे. फॉसींच्या ग्रंथात फास हे माणूस-गोरिला संबंधाचे प्रतीक होते आणि फासामागे शत्रू होता. येथे ते प्रतीक एक विटका सदरा आहे आणि त्यामागे दारिद्र्य आहे. रोगाचा माग काढत लेखिका अरण्यातून घराच्या उंबऱ्यापर्यंत येते. पूर्वीची कथने गावातून अरण्याकडे जात आणि दर्शनापाशी थांबत. हे कथन दर्शनापासून निघून गावाकडे येते. आकृतिबंधातील हा उलट प्रवास म्हणजेच या ग्रंथाचे वैचारिक योगदान होय.

ग्रंथाला मर्यादाही आहेत. संस्थेच्या वाटचालीचा, पुरस्कारांचा व परिषदांचा वृत्तांत काही ठिकाणी अहवालाच्या वळणाने जातो. बात्वांचा प्रश्न त्यात आरोग्य व विकास यांच्या परिभाषेत येतो, जमिनीच्या हक्काच्या परिभाषेत तेवढ्या तीव्रतेने येत नाही. तरीही गोरिलाविषयक लेखनाचा केंद्रबिंदू प्रथमच अरण्याच्या कडेवर राहणाऱ्या माणसांच्या इतक्या निकट आला आहे.

निष्कर्ष

१. डोंगरी गोरिलाविषयीच्या लेखनाचा विकास हा बंदूक, वही, नाव, परवाना आणि औषध अशा टप्प्यांनी झालेला दिसतो. प्रत्येक टप्प्यावर गोरिलाकडे पाहण्याची दृष्टी अधिक मानवी होत गेली. मात्र त्याच्या शेजारी राहणाऱ्या माणसांकडे पाहण्याची दृष्टी त्या गतीने बदलली नाही.

२. दृष्टिभेटीचा क्षण हा या लेखनाचा सर्वात प्रभावी व सर्वात फसवा अलंकार आहे. तो वाचकाची सहानुभूती जागवतो, पण त्यामागील दैनंदिन श्रम झाकतो. रोगसंसर्गाच्या काळात जवळिकीचा गौरव करणारी ही शैली गोरिलासाठीही अपायकारक आहे.

३. फॉसी यांच्या ग्रंथाचे मूल्यमापन करताना त्यांचे धैर्य आणि त्यांचा अंधबिंदू या दोहोंचा एकत्र विचार व्हायला हवा. एकाचा स्वीकार करताना दुसऱ्याचा विसर पडू देणे हे अभ्यासाला मारक ठरते.

४. संवर्धनाचे यश प्रामुख्याने माग काढणारे, पहारेकरी आणि पशुवैद्य यांच्या नित्यकर्मावर उभे आहे. या मंडळींच्या मौखिक निवेदनांचे संकलन व प्रकाशन हे यापुढील अभ्यासकांसमोरील तातडीचे काम आहे, कारण फॉसी यांच्या काळातील पिढी आता अस्तंगत होत आहे.

५. बात्वांना अरण्यातून हलवून झालेल्या संवर्धनाची कथा त्यांच्या साक्षीशिवाय पूर्ण मानता येणार नाही. न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिल्यानंतर साहित्याने व समीक्षेने मागे राहणे अनुचित ठरेल.

गोरिला आज वाचला आहे हे या शंभर वर्षांच्या प्रयत्नांचे श्रेय आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. तो ज्यांच्या पायवाटेने वाचला त्यांचे निवेदन मात्र अद्याप लिहिले जायचे आहे.